आरोग्य शिबिराची तारीख वाड्याला विचारून ठरवा

संपादक महोदय,

आदिवासी वाड्यांवर आरोग्य शिबिर भरले, अमुक इतक्या लोकांची तपासणी झाली, चष्मे आणि गोळ्या वाटल्या, अशा बातम्या आपल्या पानांवर वर्षभर येत असतात. फोटोत मंडप असतो, समई असते, पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ असतो. शिबिर कुठल्या महिन्यात आणि किती वाजता भरले, एवढे मात्र बातमीत क्वचितच सापडते. आमच्या मते सगळी गोम तिथेच आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहू द्यावे ही विनंती.

गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांना 2003 साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. 2011 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या 1,49,275 होती, म्हणजे दहा गोमंतकीयांमागे एक. सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा, फोंडा, सत्तरी या तालुक्यांत डोंगराच्या कुशीत त्यांचे वाडे आहेत. काही वाडे नेत्रावळी, खोतीगाव, म्हादई या अभयारण्यांच्या आत किंवा अगदी कडेला. हे सगळे एकसारखे जगतात असे धरून कार्यक्रम आखला की पहिली चूक होते. हिंदू वाड्यावर पौषात धालो, म्हणजे बायकांचे रात्रीचे गाणी-नाच, असतात; रात्र रात्र मांडावर (वाड्याच्या सामायिक पवित्र जागेवर) गेलेल्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तपासणीच्या रांगेत उभ्या राहणार नाहीत. ख्रिस्ती गावड्यांच्या वाड्यावर इंत्रुजाचे (कार्निव्हलचे) दिवस धरले तर टेबले रिकामी राहतात. शिगम्याच्या दिवसांत मांड सोडून कोणी हलत नाही. उलट, मांडावर सगळा वाडा आपणहून जमतो. गावकार, बुदवंत, जल्मी या वाड्याच्या मानकऱ्यांना आधी भेटून अर्धा तास मागून घेतला तर जे मंडपात जमत नाही ते मांडावर जमते. त्यासाठी माइकही लागत नाही.

आता वेळेचे. फेब्रुवारी ते मे हा काजूचा हंगाम. वाड्यावरचा माणूस उजाडताना बागायतीत पोहोचतो, दुपारपर्यंत बोंडू (काजूची फळे) गोळा करतो, मग बिया काढणे, मग कोळमीवर (रस काढायच्या जागेवर) बोंडू मळणे आणि संध्याकाळी फेणीची भट्टी. उपकेंद्राची ओपीडी सकाळी नऊ ते एक. या चार महिन्यांत ती ओपीडी वाड्याच्या दृष्टीने बंदच असते, दार उघडे असले तरी. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत नर्सबाई भट्टीपाशी येऊन बसली तर एका खेपेत वीस-पंचवीस माणसे भेटतात. त्यासाठी तिच्या ड्युटीची वेळ कागदावर बदलावी लागेल आणि परतीच्या वाहनाची सोय करावी लागेल, कारण त्या वेळेनंतर कदंबची बस बहुतेक वाड्यांवरून सुटत नाही. हा प्रश्न पैशांचा फारसा नाही, फक्त आदेश काढण्याचा आहे.

काजूच्या हंगामावर इतका भर देण्याचे कारण माकडताप. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचे शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. 2015 साली सत्तरीतल्या पाली गावात काजू गोळा करणाऱ्यांमध्ये त्याची साथ आली आणि मग आजूबाजूच्या गावांतही रुग्ण सापडत गेले. शेजारच्या दोडामार्गातही तो पोहोचला. विषाणू पसरतो गोचिडीतून, मुख्यतः तिच्या पिल्लावस्थेतून. पावसाळा संपल्यावर अंड्यांतून अळ्या निघतात, पुढे डिसेंबर ते मे या काळात खसखशीच्या दाण्याएवढी पिल्ले पालापाचोळ्यात पसरलेली असतात. नेमका तोच काळ काजूखालचा पाला झाडण्याचा, सरपण आणण्याचा, गोठ्यात अंथरायला सुका पाला भरून आणण्याचा. बोंडू दिसावेत म्हणून झाडाखालची जागा साफ करतात तेव्हा माणूस पाल्यात वाकलेला असतो, दमला की त्याच पाल्यावर बसतो. गुरे जंगलात चरून येताना मोठ्या गोचिडी अंगावर आणतात. गुरांना हा ताप येत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडीची पैदास वाढते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा रोग होत नाही, हे वाड्यावर मुद्दाम सांगावे लागते, नाहीतर तापाच्या रुग्णाच्या घरी कोणी पाणी द्यायलाही जात नाही.

चावा लागल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप, कपाळात ठणका, अंग मोडून येणे, डोळे लाल, उलटी-जुलाब. काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. दहा ते वीस टक्के रुग्णांना बरे वाटल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि या दुसऱ्या खेपेला मेंदूवर परिणाम दिसू शकतो: मान आखडणे, हात थरथरणे, भ्रम. शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. म्हणून ताप उतरल्यावर रुग्णाला वाऱ्यावर सोडायचे नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कोणीतरी त्याच्या घरी जाऊन त्याला पाहिले पाहिजे. शिबिराच्या पद्धतीत हे बसतच नाही, कारण तिसऱ्या आठवड्यात शिबिर दुसऱ्या तालुक्यात असते.

उपचारात सगळ्यात घातक चूक साधी आहे. अंग दुखते म्हणून डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन टोचले जाते, नाहीतर दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनची गोळी आणली जाते. या गोळ्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो, आणि माकडतापात रक्तस्रावाचा धोका आधीच असतो. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती, आणि रक्ताचा नमुना. पहिल्या चार-पाच दिवसांत घेतलेला नमुना पीसीआरला, म्हणजे थेट विषाणू शोधणाऱ्या चाचणीला, जातो. नंतर आलेल्या रुग्णाची प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. नमुना थंड पेटीत गेला नाही तर अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो आणि सगळे निश्चिंत होतात. वाळपई किंवा सांग्याच्या उन्हात दुपारी नमुना उघड्या डब्यात दोन तास पडून राहिला की त्याची माती झाली समजा. प्रत्येक उपकेंद्रात बर्फाच्या चार पिशव्या कायम गोठवलेल्या असाव्यात, आणि वीज जाऊन आली की त्या पुन्हा नीट गोठल्या का हे कोणीतरी पाहावे.

प्रतिबंधाची पूर्वी लस होती. महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर, पुढे दरवर्षी एक. कर्नाटकातील 2005 ते 2010 च्या नोंदींवरून असे दिसले की दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे 83 टक्के संरक्षण मिळत होते. 2022 पासून ती लस बंद आहे. नवी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हाती आहे ते डेपा तेल आणि सवयी.

डेपा हे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने तयार केलेले, त्वचेला लावायचे तेल. ते गोचिडीला मारत नाही, फक्त दूर ठेवते, तेही काही तास. घाम आला की उतरते. म्हणून सकाळी निघताना एकदा आणि दुपारच्या भाकरीनंतर, हात धुतल्यावर, पुन्हा एकदा लावायचे. डोळे, ओठ, जखमा सोडून, लहान मुलांच्या हातांना न लावता. वाटपात घोटाळा होतो तो हिशेबाचा. हात, पाय, मान मिळून एका वेळी 5 मिली धरले तर दिवसाला 10 मिली झाले. काजूचे 90 दिवस धरले तर एका माणसाला 900 मिली. पाच माणसांच्या कुटुंबाच्या हातात हंगामाला एकच छोटी बाटली दिली तर ती दोन-तीन दिवसांत संपते आणि वहीत मात्र ‘वाटप पूर्ण’ अशी नोंद राहते. बाटल्या मोजण्याऐवजी मिलिलिटर मोजले, तर मागणीपत्रातला आकडाच बदलेल.

कपड्यांचेही तसेच. गमबूट द्या असे सगळे सुचवतात. एप्रिलच्या उन्हात उतारावर गमबूट घालून पाहा, दहा वाजता माणूस ते काढून फांदीला टांगतो. गुडघ्यापर्यंत येणारे पातळ नेसलेल्या बाईचे पोटऱ्यांपासून सगळे पाय उघडे राहतात, काष्टी नेसलेल्या म्हाताऱ्यांचेही तसेच. तिला पँट घाला म्हणून सांगण्यात अर्थ नाही. पातळाखाली घालायचा फिक्या रंगाचा, घोट्याला इलॅस्टिक असलेला सुती पायजमा शिवून दिला तर तो वापरला जातो. वाड्यावरच्या स्वयंसाहाय्य गटाकडे शिलाई यंत्रे असतात, शिलाईचे काम त्यांनाच द्यावे. फिका रंग एवढ्यासाठी की त्यावर गोचीड दिसते.

घरी आल्यावर आंघोळ, गरम पाणी आणि साबण. कपडे दारात उतरवायचे आणि उकळत्या पाण्यात टाकायचे. खांद्यावर टाकून घरात नेले की गोचीडही घरात जाते. मग अंग तपासायचे: काखा, जांघा, कंबरपट्टा, गुडघ्यामागची लवण, कानांमागे, मुलांच्या केसांत. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. काडी पेटवून टेकवणे, रॉकेल ओतणे, चुना लावणे, यांनी ती अंग आखडते आणि आतला द्रव जखमेत सोडू शकते. बोटांनी चिरडायची नाही. जागा साबणाने धुवायची आणि तारीख लक्षात ठेवायची, कारण डॉक्टर तेच पहिले विचारतात. टोकदार चिमटा ही फार स्वस्त वस्तू आहे. वाड्यावरच्या प्रत्येक घरात एक असावा.

मेलेले माकड दिसले तर हात लावू नये, ओढून पुरू नये, जाळूही नये. वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून जवळपासच्या पाल्यात पसरतात. म्हणून त्या जागेभोवती साधारण 50 फूट त्रिज्येत मॅलाथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात, आणि तिकडे काही काळ कोणी फिरकू नये म्हणून सांगतात. तपासणीसाठी शव ताजे लागते. दोन दिवसांनी आलेल्या पथकाला कुजलेल्या शवातून फारसे काही मिळत नाही. काजूच्या हंगामात माकडांना बागायतदार पिटाळतात, कधी मारतातही. त्या भीतीने मेलेल्या माकडाची खबर दाबली जाते. खबर देणाऱ्याला चौकशीच्या नावाखाली तीन वेळा कचेरीत बोलावणार नाही, एवढे आश्वासन वनखात्याने लेखी दिले तर खबरी वाढतील.

हे सगळे सांगायचे कोणी? देशभर 2005 पासून आशा कार्यकर्ती हे काम करते. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, आणि डोंगराळ आदिवासी भागात वस्तीमागे एक, असा तिचा निकष. गोव्याने ही योजना सुरुवातीला घेतलीच नाही. राज्य छोटे, रस्ते चांगले, केंद्रे जवळ, असा त्यामागचा विचार असावा, आणि म्हापसा-मडगावपुरता तो बरोबरही आहे. सांग्यातल्या साळगिणी किंवा तुडव अशा वाड्यांना तो लागू पडत नाही. एएनएमकडे (उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे) लसीकरण, गरोदर बायकांच्या नोंदी, शाळा, असांसर्गिक आजारांची यादी, आणि हल्ली अर्धा दिवस मोबाइलवरची माहिती भरणे. अंगणवाडीताई तिच्या परीने करते. तापाच्या रुग्णाच्या घरी तिसऱ्या आठवड्यात जाणारा माणूस या साखळीत नाही.

तेव्हा मागणी अशी, की सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांतल्या प्रत्येक वाड्यावर त्याच वाड्यातली, तिथली कोंकणी बोलणारी एक बाई नेमावी. सासर-माहेरच्या कारणाने ती दोन-चार महिने नसली तर अडू नये म्हणून मोठ्या वाड्यावर दोघी. शिक्षणाची अट आठवीपर्यंत ठेवली तर बाई मिळते. बारावी ठेवली तर मिळालेली मुलगी वर्षात नोकरीसाठी वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत जाते. काजूच्या दिवसांत तिचा बुडालेला रोज भरून निघेल इतके मानधन हवे, आणि ते ठरावीक तारखेला. कामागणिक प्रोत्साहन ही पद्धत इथे बिनकामाची, कारण वाडा चाळीस घरांचा; बाळंतपणे वर्षाला दोन-तीन होतील. तिच्या पेटीत थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएस, चिमटे, डेपा, पट्टी, आणि एक वही. प्रशिक्षण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सरदाची (पावसाळी भाताची) कापणी उरकून वायंगणाची (हिवाळी-उन्हाळी भाताची) कामे अंगावर यायच्या आत.

पावसाळ्यात रोग बदलतात. नांगरणी-लावणीत चिखलात अनवाणी उभे राहणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती. उंदराच्या मुतातून जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो. ज्यांचा चिखलाशी रोजचा संबंध आहे त्यांना डॉक्टरच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन, साधारण सहा आठवडे, देता येते. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुले वगळून. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जळजळ होते आणि पुढच्या आठवड्याची गोळी कुंपणापलीकडे जाते. दोन कार्यक्रम एकमेकांच्या पायात येतात ते इथे. त्याच बाईला रक्तक्षयासाठी लोहाची गोळी चालू असते. लोह आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र घेतले की पोटात एकमेकांना बांधून ठेवतात, दोन्ही वाया. किमान दोन-तीन तासांचे अंतर हवे. दोन वेगवेगळ्या खात्यांची माणसे दोन वेगवेगळ्या दिवशी येऊन गोळ्या देऊन जातात तेव्हा हे कोणी सांगत नाही. दुधाबरोबर डॉक्सी घेऊ नये, हेही धनगरवाड्यावर आवर्जून सांगावे लागते.

सर्पदंशाबद्दल थोडक्यात. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. सह्याद्रीतल्या चापड्यासारख्या सापांवर नाही. पहिली मात्रा सहसा 10 कुप्या, शिरेतून. म्हणजे ज्या केंद्रात पाचच कुप्या आहेत तिथे रुग्ण थांबवून उपयोग नाही, आणि कुप्या आहेत पण रिअ‍ॅक्शन आल्यास लागणारे अ‍ॅड्रेनलिन भरून ठेवलेले नाही तिथे देणारा डॉक्टर घाबरतो आणि रुग्णाला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात धाडतो. घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठते का हे पाहायला 20 मिनिटांची चाचणी असते: 2 मिली ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचे, न हलवता ठेवायचे, 20 मिनिटांनी एकदा तिरके करायचे. प्लॅस्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत ही चाचणी फसते. काचेच्या नळ्या कित्येक ठिकाणी हल्ली मिळतच नाहीत! मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण जवळजवळ दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, मग पापण्या जड होणे, एवढ्यावरून ओळखावे लागते. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच इथेही कामी येते.

रक्तक्षयाचे काम बारा महिन्यांचे, आणि तिथे आकड्यांचाच गोंधळ जास्त. गरोदर बाईचे हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय, 7 च्या खाली तीव्र. शिबिरात बोट टोचून छोट्या यंत्रावर मोजतात. बोट थंड असेल, रक्त येईना म्हणून दाबून पिळले, तर रक्तात ऊतीतला द्रव मिसळतो आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, तो पुसला जात नाही. पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर गोव्याच्या दमट हवेत पट्ट्या खराब होतात आणि मग संपूर्ण वाड्याचा आकडा एकाच दिशेने चुकतो. हात कोमट पाण्यात धुवायला लावणे, डबी लगेच बंद करणे, आणि दिवसाच्या सुरुवातीला नियंत्रण द्रावणाने यंत्र तपासणे, इतके केले तरी पुष्कळ.

गोळ्यांचे माप सरकारने ठरवून दिलेलेच आहे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180. शाळेतल्या दहा ते एकोणीस वयाच्या मुलांना आठवड्याला एक निळी गोळी, लहानांना गुलाबी. वर्षातून दोनदा जंताची गोळी. बायका गोळ्या टाकून देतात त्याची कारणे त्यांना विचारली की कळतात: मळमळ, शौच काळे होणे, आणि बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल ही भीती. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी लागते. काळ्या शौचाचे गोळी देतानाच सांगितले तर निम्म्या जणी घाबरत नाहीत. गोळीनंतर तासभर चहा नको, हे मात्र कठीण. वाड्यावर पाहुण्यापुढे पहिला येतो तो गुळाचा चहाच. जेवणात लिंबू किंवा नंतर पेरू असेल तर लोह चांगले शोषले जाते. बोंडूत क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते, पण घशाला खाज आणणारे टॅनिनही असते, तेव्हा गोळीबरोबर बोंडू हा सल्ला सरसकट देऊ नये.

नाचणीबद्दल एक गैरसमज शहरातून वाड्याकडे चालला आहे. नाचणी खा, रक्त वाढेल, असे पोस्टर लागते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 360 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, त्याबाबतीत ती तांदळाच्या फार पुढे. लोह मात्र साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही नाचणीतल्या फायटेट या घटकामुळे पूर्ण मिळत नाही. मोड आणून किंवा आंबवून खाल्ली तर थोडे बरे. नाचणी जरूर खावी. तीव्र रक्तक्षय असलेल्या बाईला नाचणीवर ठेवू नये, तिला शिरेतून लोह द्यायला केंद्रात न्यावे. कुमेरीची (डोंगरउतारावरची फिरती) शेती बंद होत गेली तसे नाचणी, वरी आणि डोंगरातली कडधान्ये ताटातून गेली आणि रेशनचा तांदूळ राहिला. माडी, कणगी, सुरण हे कंद आणि तायकिळ्यासारख्या पावसाळी भाज्या अजून घराघरांत होतात. पोषण माहच्या प्रदर्शनात कोबी आणि गाजराचे फुलांचे आकार करून मांडण्यापेक्षा याच भाज्या मांडल्या तर निदान बघायला आलेल्या बायका हसणार नाहीत.

माहितीच्या नोंदीबद्दल. आयुष्मान कार्डाचा, आभा या आरोग्य ओळख क्रमांकाचा, ई-संजीवनीवरच्या ऑनलाइन सल्ल्याचा आग्रह धरला जातो. ओटीपी येण्यासाठी वाड्यावरच्या माणसाला टेकडीवर चढावे लागते आणि खाली येईपर्यंत तो बाद होतो. कित्येक घरांत एकच मोबाइल, तोही कामावर गेलेल्या मुलाकडे. नोंद आधी कागदी वहीत, एका घराला एक पान. नेटवर्कच्या जागी आल्यावर संगणकात. वहीची प्रत वाड्यावरच राहावी. रुग्ण बांबोळीहून परत आला की त्याचे डिस्चार्ज कार्ड कोणीतरी वाचून पानावर पुढच्या तपासणीची तारीख लिहावी, एवढ्याने निम्मी पुनर्तपासणी वाचेल.

शेवटी पैशांचा आणि दाखल्याचा प्रश्न. धनगर-गवळी समाज अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. त्यांचे वाडे त्याच जंगलात, गुरे त्यांच्याकडेच जास्त, म्हणजे गोचिडींशी संबंधही त्यांचाच जास्त. आदिवासी निधीतून डेपा आणायचे ठरले तर कागदावर ते धनगरवाड्याला देता येत नाही. गोचीड दाखला पाहून चावत नाही. जंगलालगतचा वाडा हाच निकष धरला आणि जादा खर्च आरोग्य खात्याच्या साथरोग निधीतून भागवला तर ही अडचण सुटते. पंचायतींच्या गावआरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी मिळण्याची तरतूद आहे. तो फिनाइल आणि फलकांवर जातो. चिमटे, पायजम्यांचे कापड आणि काचेच्या नळ्या त्यातून येऊ शकतात.

डेपाची मागणी ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत नोंदवली नाही तर बाटल्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, तोवर गोचिडीचे अर्धे अधिक दिवस संपलेले असतात. तेव्हा वाड्यावरच्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत सरपंच आणि आरोग्य केंद्राच्या प्रतिनिधीला तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे: आमच्या वाड्यासाठी किती लिटर डेपा मागवले, ते कोणत्या तारखेला येणार, आणि तापाच्या रुग्णाच्या घरी तिसऱ्या आठवड्यात कोण येणार.

आपले,
सत्तरी, सांगे आणि काणकोण तालुक्यांत काम केलेले आरोग्यसेवेतील काही निवृत्त कर्मचारी